मनोऱ्याखालचा पिवळा ठिपका

मनोरा चौकात चित्रकार बसला की आधी मनोरा काढत नाही, घड्याळ नाही, गर्दीही नाही. कागद ओला करतो आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी पिवळा ठिपका सोडतो. पाहुणे विचारतात, हे काय? मग कोपऱ्यावरचे छत्र्या दुरुस्त करणारे भिकाजी तांबट हातातली काडी खाली ठेवतात आणि सांगतात.

मनोरा नवा होता तेव्हाची गोष्ट, म्हणे. सगुणा नावाची बाई बाजाराच्या दिवशी इथे बांगड्या भरायला बसली. उजवा हात कासाराकडे, डाव्यात लेकीचा हात. उजवा झाला तसा कासार म्हणाला, "आता तो द्या, वहिनी." तिने लेकीचा हात सोडला. बांगड्या भरून मान वर करते, तर बकुळा नाही! चार वर्षांची पोर, अंगात पिवळा परकर.

सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. भाजीवाली म्हणाली, "तराजूकडं बघू का पोरांकडं, बाई?" खरंच, दिवसभर चौकाकडे बघणारा एकच माणूस होता, चित्रं काढणारा केरू जीनगर. ऊन कलताना ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पिवळा परकर?" केरू दचकला. "होती की. काढलीही होती मी."

"कुठं?"

"पुसली, बाई. एवढ्या चित्रात ती एकटीच, कुणाचा हात न धरलेली. डोळ्यांना खुपत होती."

"एकटी होती म्हणून तर बघायची होती की हो, दादा!"

केरूने कागद उन्हासमोर धरला. पिवळा रंग पुरता निघत नाही. कुंभारगल्लीच्या तोंडाशी पुसट डाग दिसला. सगुणा धावत सुटली. कुंभारीण म्हणाली, "माठांच्या आड बसली होती की. आई आई करत होती. आत्ताच उठून गेली, कुठं ते बघितलं नाही."

बकुळा सापडली नाही. सगुणा मग रोज मनोऱ्याच्या पायरीवर येऊन बसे. हिरवं लुगडं, डाव्या हातातल्या बांगड्या काढून टाकलेल्या. लोकांनी आधी हळहळ केली, मग बाजूने जायची सवय करून घेतली. केरूने मात्र शपथ घेतली, या चौकात पडलेला रंग पुसायचा नाही. असे सांगतात, की एके सकाळी पायरी रिकामी दिसली, तेव्हा त्यानेच पहिल्यांदा तो पिवळा ठिपका सोडला.

आजही इथले चित्रकार तसंच करतात. आधी पिवळा. मग तो वाळायच्या आत, अगदी लगत, एक हिरवा. कडेला कड लागली की दोन्ही रंग आपसूक एकमेकांत उतरतात. तेवढं होईपर्यंत कुंचला हातात धरून थांबायचं. मनोरा नंतर.