विदरकोटचे एकमत

इंग्लंडातल्या विदरकोट गावात सर ॲम्ब्रोज थॉर्नली नावाचे एक जमीनदार होते. गावची सगळी जमीन त्यांची आणि गावकरी त्यांची कुळे. लंडनच्या पार्लमेंटात गावाच्या वतीने बसायचे तेही तेच.

त्या काळी तिकडे मत मोठ्याने सांगायची रीत होती. गावच्या चौकात लाकडी मंडप उभा राही. एकेक माणूस पायरी चढून उमेदवाराचे नाव पुकारी आणि कारकून ते लिहून घेई. सर ॲम्ब्रोज मंडपाला लागून खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाकडे पाहून हॅट उचलत. वीस वर्षांत कुणाच्या तोंडून दुसरे नाव निघाले नव्हते. गावाचा आपल्यावर केवढा जीव आहे, या विचाराने साहेबांना दरवेळी भरून येई.

पुढे पार्लमेंटात गुप्त मतदानाचा कायदा आला. बाकीच्या जमीनदारांनी कडाडून विरोध केला. सर ॲम्ब्रोज यांनी मात्र छाती पुढे काढून पाठिंबा दिला. त्यांचा कारभारी प्रिंगल चाचरत म्हणाला, "मालक, चाललंय ते बरं चाललंय."

साहेब हसले. "माझ्या गावाला पडद्याआड उभं केलं तरी ते माझंच नाव घेईल."

निवडणूक झाली. गावची पेटी उघडली. दोनशे चिठ्ठ्यांत साहेबांच्या नावाच्या निघाल्या अकरा. वीस वर्षांची जागा गेली.

साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः घरोघर फिरले. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळाले, "आम्ही तुम्हालाच दिलं, साहेब." दुपारपर्यंत त्यांना अशी दीडशे मते मिळाली.

शेवटी जेकब टकर नावाच्या म्हाताऱ्या कुळाचे घर आले. त्याचा जमिनीचा करार त्याच महिन्यात संपत होता. तो पुढे चालवायचा की नाही, हे साहेबांच्या हाती होते. नाही चालवला, तर म्हातारा-म्हातारीला राहते घरही सोडावे लागणार होते.

"जेकब, तू मत कुणाला दिलंस?"

जेकबने बायकोकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

"तुम्हाला नाही दिलं, साहेब."

"का?"

"गावचं कुरण तुम्ही कुंपण घालून आत घेतलंत. आमच्या गाईला चरायला जागा उरली नाही. विकावी लागली."

"त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून दरवेळी माझंच नाव घेत आलास. मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही शेजारीच बसलेले असायचात, साहेब."

सर ॲम्ब्रोज उठून बाहेर आले. त्यांचे कान तापले होते. खोटे बोलणाऱ्या एवढ्या घरांचा त्यांना राग आला नव्हता. खरे बोलणाऱ्या या एकाचा मात्र फार आला. दाराशी प्रिंगल उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"एक तरी सापडला, मालक," तो म्हणाला. "याला काढून टाकू. बाकीचे आपोआप सरळ होतील."

साहेबांच्या मनात नेमके हेच होते. पण कारभाऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते त्यांना ओंगळ वाटले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"याचा करार कर," ते म्हणाले. "दहा वर्षांचा. आणि कुरणाचं कुंपण काढायला उद्या माणसं लाव. अख्ख्या गावात माझ्याशी खरं बोलणारा हा एकच आहे. त्यालाच घालवलं, तर मी कुणाच्या शब्दावर विसंबायचं?"

पुढच्या आठवड्यात तीन कुळे हवेलीच्या दाराशी आली. तिघांच्याही तक्रारीच होत्या. प्रिंगलला तो उद्धटपणा वाटला. सर ॲम्ब्रोज यांनी तिघांना आत बोलावून बसवले. एवढ्या वर्षांत त्यांना गावाचे खरे मत आता कुठे मिळू लागले होते.

तात्पर्य: भीतीपोटी मिळालेल्या होकारावर खूश होऊ नये; तोंडावर नकार देणाऱ्या माणसाला जपावे.