घाईघाईत नटलेलं बिस्किट

बिस्किटांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. इराच्या वर्गात नाताळची पार्टी होती, म्हणून आईने गोल बिस्किटं भाजली आणि निवायला ताटात मांडली. त्यातल्या एकाला मात्र दम निघेना.

"इरा, आधी मला नटव ना! हसरा चेहरा काढ!"

"अरे, अजून चटके बसतायत तुझे. जरा थांब की," शेजारचं बिस्किट म्हणालं.

"तू बस गार होत!"

इराने आयसिंगने हसू काढलं. पण गरम अंगावर ते टिकतंय कुठलं? डोळे गालांवर ओघळले, ओठ खाली लोंबले. बाकीची बिस्किटं सावकाश निवली, नटली आणि झकास हसली.

वर्गात पोरांनी हसरी बिस्किटं भराभर उचलली. रडकं तेवढं डब्यात उरलं आणि शरमेने कोपऱ्यात सरकलं. इतक्यात सकाळपासून मुसमुसणारी नवी मुलगी, शाल्मली, डब्यात डोकावली आणि खुदकन हसली.

"अगंबाई! हे तर माझ्याहून रडकं!"

तिने ते अलगद उचललं. तेव्हा बिस्किट तिच्या कानाशी पुटपुटलं, "सावकाश खा हं. आता मला मुळीच घाई नाही."