पोचा पडलेला अँप्लिफायर आणि दोन हट्टी स्पीकर

वस्तू आपसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. बालवाडीच्या शेवंताबाईंनी पै-पै साठवून जुन्या बाजारातून पोचा पडलेला अँप्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर आणले. घरी तारा जोडून गाणं लावताच दोन्ही स्पीकर हट्टाला पेटले. “मीच मोठ्यानं वाजणार!” गाण्याचा नुसता गोंगाट झाला.

बाई हिरमुसल्या. “उद्या परत देऊन येते,” म्हणाल्या.

अँप्लिफायर घाबरला. “अरे, पुन्हा भंगारात जायचंय का? जरा हळू वाजा, एकमेकांचं ऐका!”

दोघांनी आवाज आवरला. तशी डावीकडून सतार आली, उजवीकडून तबला आला आणि मधोमध, रिकाम्या भिंतीपाशी, जणू गाणारी बाईच येऊन उभी राहिली!

शेवंताबाई धावतच दारात गेल्या. “अहो, या सगळे! आमच्याकडे गाणं आलंय!”