दारामागची लगबग

"पण बाबा, विकू की भाड्यानं देऊ? एवढंच सांगा."

अच्युतराव उंडाळकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. जमालबाबा ओट्यावर बसून मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गावाबाहेरच्या टेकडीवर या म्हाताऱ्या फकिराची एकच खोली. अच्युतराव इथे पहिल्यांदाच आले होते, तेही कुणाला न सांगता. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचा सल्ला घेतला नव्हता. एकवीस पूल बांधले, खांब कुठे रोवायचा ते नदीलाही विचारलं नाही. आणि आता तीन खोल्यांच्या घरानं त्यांना दीड वर्ष अडवून धरलं होतं.

"मुलगी नागपूरला बोलावते. विकलं की मी मोकळा. भाड्यानं दिलं तर घर राहतं. दोन्हींचे फायदे-तोटे लिहून आणलेत." त्यांनी खिशातून कागद काढला.

"घरात कोण असतं, साहेब?"

"मी."

"आणखी?"

"मंडळी होती, इंदू. गेली."

बाबांनी एक काडी बाजूला टाकली. "बाहेरून आलात की काय करता?"

"करायचं काय? कुलूप काढतो..."

अच्युतराव थांबले. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आधी बेल वाजवतो," ते हळूच म्हणाले.

बाबांनी आता मान वर केली.

"चौतीस वर्षं इंदूच दार उघडायची. मी किल्ली कधी जवळ ठेवलीच नाही. आता बेल वाजवतो, जरा थांबतो... मग कुलूप काढतो. शेजारी म्हणतात, म्हातारा कामातून गेला."

जमालबाबा उठले, खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

अच्युतराव ओट्यावर एकटेच. वाऱ्यानं मेथीची पानं इकडेतिकडे झाली. ही काय रीत झाली? त्यांनी रागानं चपला पायांत सरकवल्या. पण पायऱ्या उतरवेनात. खाली जाऊन पुन्हा त्याच घरी जायचं होतं.

शेवटी ते वळले. दारावर थाप मारली.

आत लगबग झाली. कडी निघाली.

"या, या!" बाबा म्हणाले. "केव्हाची वाट बघतोय. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या."

अच्युतरावांनी चौकट घट्ट धरली. बाराव्याला आलेल्या पाहुण्यांसमोर कोरडे राहिलेले डोळे आता आवरेनात. ते ढसाढसा रडले. बाबा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळानं अच्युतरावांनी पाणी घेतलं. तोंड पुसलं. तो कागद चुरगळून खिशात कोंबला.

"भाड्यानंच देतो, बाबा," ते म्हणाले. "कधी इकडे आलोच तर बेल वाजवता येईल... पण माणसं पारखायची कशी? नोकरी विचारू? गाव विचारू?"

"काही विचारू नका, साहेब. ती आता राहतात तिथं जा. बेल वाजवा... आणि ऐका, आत कुणाची लगबग होते का."