दोऱ्याविना खडीसाखर

एका डोंगराच्या पायथ्याशी कुंडलदरा नावाचे गाव होते आणि त्या गावात हौसा नावाची बाई खडीसाखर करायची. साखरेचा पाक ती मडक्यात ओती, त्यात दोरे ताणून बांधी आणि आठ दिवस मडक्याला कुणाला हात लावू देत नसे. नवव्या दिवशी दोऱ्यांवर टपोरे खडे लगडलेले असत.

हंगामातला पहिला दोरा कुणी खायचा नाही, अशी गावाची रीत होती. तो डोंगरावरच्या सर्वांत जुन्या सालईच्या झाडाला बांधायचा. दुपारपर्यंत मुंग्या तो फस्त करत. हौसाची आजेसासू म्हणायची, "खाऊ देत. डोंगराचं देणं आहे ते. झाडं श्वास सोडतात, त्याची अगदी बारीक धूळ होते. ढगातलं पाणी त्या धुळीला धरतं, तेव्हा थेंब होतो. आपला पाक दोऱ्याला धरतो ना, तसंच."

तो श्वास उघड्या डोळ्यांना दिसत असे. उन्हाच्या दिवसांत डोंगरावर राळेच्या वासाचे निळे धुके तरंगायचे. आषाढात ढग तिथेच अडत, बरसत, आणि गावाचा झरा वर्षभर वाहत राही.

पुढे राजाने वाड्यावर सातवा मजला चढवला. पाहुण्यांना राज्याची सीमा दाखवायला त्याला सज्जा हवा होता. सज्जा झाला, पण सीमा दिसेना. मध्ये डोंगरावरचे ते निळे धुके.

"हा मळ कुठून येतो?" राजाने भर दरबारात विचारले.

दरबारात एक पंडित होते. दूरदेशी बारा वर्षे राहून ते आकाशाची विद्या शिकले होते. आजेसासूला जे ठाऊक होते, ते त्यांनी पोथीत वाचले होते. पण राजाच्या कपाळावरची आठी त्यांनी आधी वाचली.

"झाडांच्या श्वासातून, महाराज," ते म्हणाले. "झाडे गेली की हवा स्वच्छ."

हौसा खडीसाखरेचे तबक घेऊन दाराशी उभी होती. तिने तबक खाली ठेवले.

"पंडितजी, अर्धंच बोललात," ती म्हणाली. "झाडं गेली की पाऊसही जाईल, ते कोण सांगणार?"

दरबार हसला. प्रधान म्हणाले, "मावशी, तुम्ही साखरेचं बघा. ढग समुद्रावरून येतात, तुमच्या डोंगरातून नाही."

"पाकही मडक्यात बाहेरूनच येतो, प्रधानजी. दोरा घरचा असावा लागतो."

पंडित आपल्या अंगठीकडे बघत राहिले. एक शब्द बोलले असते, तर डोंगर वाचला असता.

पंधरा दिवसांत डोंगर बोडका झाला. जुनी सालईही गेली. सज्ज्यातून सीमा लख्ख दिसू लागली आणि पाहुणे वाहवा करू लागले. आषाढ आला. काळे ढग आले, बोडक्या माथ्यावरून सरकले आणि चार शिंतोडे टाकून पुढे निघून गेले. दुसऱ्या वर्षीही तेच. कुंडलदऱ्याचा झरा आटला. बायका तीन कोसांवरून पाणी आणू लागल्या. सज्ज्यात मात्र पाहुण्यांसाठी वाळ्याचे सरबत फिरत होते.

राजाच्या वाढदिवसाला हौसाकडे खडीसाखरेची मागणी आली. तिने मडके तसेच बांधून आणले आणि राजापुढे ठेवले. राजाने झाकण काढले. आत पाकच पाक. तळाशी चार खडे.

"ही कसली खडीसाखर?"

"गोडी पुरती आहे, महाराज. पाकही काठोकाठ आहे. फक्त दोरे मळकट वाटले म्हणून काढून टाकले." तिने तळाकडे बोट दाखवले. "तरी चार खडे धरलेत. यंदा पाऊस एवढाच पडला."

या वेळी कुणी हसले नाही. राजाने वाकून तळाचे खडे पाहिले. मग त्याने पंडितांकडे मान वळवली.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"महाराजांनी मळ कुठून येतो एवढंच विचारलं होतं," पंडित म्हणाले.

"ऐकलंत?" हौसा म्हणाली. "बारा वर्षं शिकून हे शिकले. राजाला दिसत नव्हतं, हे मी समजू शकते. यांना दिसत होतं."

राजाने तिला सोन्याचे कडे देऊ केले. ते तिने घेतले नाही. "माझ्या गावाला पाणी नाही आणि मी कडं मिरवू? झाडं लावा. अन् यांना लावायला लावा."

पंडितांनी दूरच्या रानातून सालईच्या फांद्या खांद्यावरून वाहिल्या आणि डोंगरभर रोवल्या. उन्हाळ्यात घागरी वाहून त्या जगवल्या. फांद्या रुजल्या, पण झाडे व्हायला वर्षे लागतात. हौसाचे केस पांढरे झाले. एक सालई घराच्या छपरावर उंच गेली, तेव्हा हौसाने हंगामातला पहिला दोरा तिला बांधला. आणखी काही वर्षांनी एका दुपारी सज्ज्यातून राज्याची सीमा दिसेनाशी झाली.

त्या आषाढात कुंडलदऱ्याचा झरा पुन्हा वाहिला.

तात्पर्य: आपल्या नजरेला आडवे येते ते मळच असेल असे नाही, हटवण्याआधी त्यावर कोण जगते ते पाहावे. आणि जाणत्याने अर्धे सत्य सांगणे म्हणजे कुऱ्हाडीला धार लावून देणे.