तिरडीचं वळण

बुरूडआळी पाडून सरकारी पैशानं टॉवर उठणार होता. नमुन्याच्या इमारतीत सातव्या मजल्यावर योजनेचे साहेब आळीकरांना म्हणाले, "लिफ्ट आहे, जिम आहे. काय कमी आहे ते दाखवा, नाहीतर संमतीचे अंगठे द्या!"

चंद्राक्कांचा जन्म तिरड्या बांधण्यात गेलेला, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांनी इवलीशी लिफ्ट पाहिली, अरुंद जिना पाहिला, अन् घरून तिरडी मागवली.

"निजा साहेब. चौघं खांद्यावरून खाली नेतील."

"काय अभद्र बोलता! अन् त्या वळणावर मी खाली पडेन की!"

"मग आमच्या माणसानं शेवटचं जायचं कसं? चालत?"

साहेबांनी संमतीचे कागद मिटले. जिना रुंद होईस्तोवर अंगठे मुठीतच ठेवायचं आळीनं ठरवलं.

घरी चंद्राक्कांचा म्हातारा खाटेवरून म्हणाला, "तोवर मीही थांबतो."