मोहोरबंद पेटी

बायको गेल्यापासून येसाजी धुमाळ संस्थानाच्या शस्त्रागारातच एकटा राहत असे. श्रीमंत उदाजीरावांनी नेमबाजीच्या बारीक नळीच्या बंदुकीसाठी विलायती काडतुसे मागवली, तेव्हा तो भर दरबारात म्हणाला, “जुनी नि नवी सारखीच, सरकार. नवी तेवढी महाग.”

श्रीमंत चिडले. “उद्या तीनशे पावलांवरून पाहू. आधी पाच जुनी, मग पाच नवी. नवी सरस ठरली, तर शस्त्रागार सोडायचं!”

बंदूक स्वतः भरणे श्रीमंतांना कमीपणाचे वाटे. ते काम येसाजीचे. पहिल्या पाच गोळ्या इतस्ततः गेल्या. पुढच्या पाचही मधल्या वर्तुळात बसल्या.

“काय येसाजी, दिसला का फरक?”

“दिसला, सरकार.” येसाजीने विलायती पेटी पुढे ठेवली. तिच्यावरची लाखेची मोहोर अभंग होती. “बंदुकीत दहाही जुनीच भरली होती. फारच गुणी काडतुसं ही! पेटीत बसूनच नेम साधतात.”

श्रीमंत ओशाळून हसले. “राहा बाबा, तुझ्या शस्त्रागारात.”

असे उत्तर जन्मात एकदाच सुचते. येसाजीने परतून दार उघडले. पण ते ऐकवावे असे आत कोणीच नव्हते.